घोडा मेला तर नुकसान कोणाचे?

दापोडी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत मोडते. पवना जिथे मुळेला मिळते त्याला लागून हे गाव आहे. मुळा ओलांडली की खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुपारनंतर याच गावातून एक फौज निघाली, नदी उतरून पलीकडच्या माळावर गेली आणि इंग्रजांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. ती इंग्रजांची फौज नव्हती. दुसऱ्या बाजीरावाने आपल्या पैशाने उभी केलेली, त्याच्याच खजिन्यातून पगार घेणारी ती कवायती पायदळाची तुकडी होती. तिचा कप्तान फोर्ड आणि वरचे अंमलदार मात्र इंग्रज होते. समोरून जरीपटका घेऊन पेशव्यांचे घोडदळ येत होते आणि त्याच्या पुढे मोरोपंत दीक्षित होते. दीक्षित आणि फोर्ड यांचा स्नेह होता. लढाई झालीच तर जो जगेल आणि जिंकेल त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांना सांभाळायचे, असे दोघांनी आधीच ठरवले होते, असे ग्रँट डफ लिहितो. तो त्या दिवसांत इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या हाताखाली पुण्यातच होता. दीक्षित पडले ते फोर्डच्याच तोफेच्या माऱ्याने. ही हकीकत बहुधा दैवाचा खेळ म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एका राज्याच्या हिशेबाची शेवटची ओळ दिसते. ज्या फौजेला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता ती समोर गेली, आणि धन्याचे निशाण घेऊन जी फौज आली तिच्यातले बरेच स्वार गेल्या काही आठवड्यांत पैसे वाटून गोळा केलेले होते. धन्याची म्हणून जी फौज असायला हवी, तिचे काय झाले होते?

त्या फौजेला मराठीत हुजुरात म्हणत. हुजूर म्हणजे धनी. हुजुरात म्हणजे त्याच्या खास दिमतीची फौज. सरदार आपापल्या मुलखातून आपापली पथके घेऊन येत, पण हुजुरात कोणा सरदाराची नसे. तिच्या घोड्यांचे ठाणे म्हणजे पागा. पुण्यात मुलींची जी जुनी शाळा हुजूरपागा या नावाने ओळखली जाते, ती १८८४ साली सुरू झाली आणि पेशव्यांच्या घोड्यांच्या जागेवर वसली म्हणून ते नाव तिला चिकटले. या जुन्या व्यवस्थेची नुसती नावे पाहिली तरी तिच्यातला मूळ भेद दिसतो. सरकारच्या घोड्यावर बसून लढणारा तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. दरमहा दोघांनाही मिळे, मर्दुमकी दोघांच्याही अंगी असू शके. फरक एका प्रश्नाच्या उत्तरात होता: उद्या लढाईत घोडा मेला तर नुकसान कोणाचे? बारगिराचा घोडा मेला तर तोटा सरकारचा. शिलेदाराचा मेला तर त्याचे घर बसले. मराठ्यांच्या घोडदळाचा उदय आणि अस्त नीट समजून घ्यायचा तर स्वारांची संख्या मोजण्याआधी दर पिढीला हा प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

शिवाजी महाराजांच्या काळचे उत्तर सभासदाने आपल्या बखरीत लिहून ठेवले आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. जुमलेदाराला वर्षाला ५०० होन, हजारीला १००० होन. पखालजी आणि नालबंद यांचा उल्लेख वाचताना मी दर वेळी थांबतो. घोड्याला पाणी कोण पाजणार आणि नाल कोण मारणार, हे ज्या राज्याने पंचविसांच्या टप्प्यावर ठरवून टाकले होते, त्या राज्याला घोडा ही आपली मालमत्ता आहे याची पुरती जाणीव होती. सभासदाच्या हिशेबाने पागेचे स्वार ४५ हजार आणि शिलेदार ६० हजार. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. बखर महाराजांच्या पश्चात जिंजीला लिहिली गेली आणि बखरकाराचा हात सढळ असतो. पण दोहोंचे प्रमाण आणि त्यामागची समजूत महत्त्वाची आहे. पागेचा जोर मोठा राखावा, शिलेदारांना पागेच्या हुकमतीत ठेवावे, म्हणजे कोणाला पुंडाई करण्याचे बळ उरणार नाही, हा विचार सभासद स्पष्ट मांडतो. म्हणजे पागेचे काम शत्रूशी लढण्यापुरते नव्हते. आपल्याच फौजेतल्या बाकीच्यांना वळणावर ठेवणे हेही तिचेच काम होते.

याला कागदाचाही आधार आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेले पत्र मराठी वाचकाला सहसा रयतेबद्दलच्या कळवळ्यासाठी माहीत असते, आणि तो कळवळा खराच आहे. पण ते पत्र मुळात पागेच्या पावसाळी छावणीचे आहे. दाणा आणि वैरण आत्ताच बेहिशेबी उधळली तर भर पावसाळ्यात ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असे होईल. मग लोक रयतेच्या घरात शिरतील. कोणी गवताच्या गंजीशेजारी आगटी पेटवील, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेतील आणि सगळी वैरण जळून जाईल. राज्याचा धनी उंदरापर्यंत विचार करतो, कारण जळणारी वैरण त्याची आहे आणि मरणारा घोडाही त्याचाच आहे. शिलेदारांच्या फौजेला असे पत्र लिहिण्याचे कोणाला कारणच पडले नसते. स्वारी आटोपून फौज परत आली की प्रत्येकाच्या सामानाचा झाडा घेतला जाई आणि लूट सरकारात जमा होई. हा कडकपणा चालू शकला, कारण ज्या घोड्यावरून लूट आणली तो घोडा सरकारचा होता.

हीच वर्षे इंग्लंडकडेही पाहण्यासारखी आहेत. १६६० सालच्या जूनमध्ये शायिस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा थोड्या शिबंदीनिशी ५६ दिवस झुंजला, अखेर सुरुंगाने बुरूज उडाला आणि ऑगस्टात किल्ला गेला. त्याच उन्हाळ्यात दुसरा चार्ल्स परागंदा अवस्थेतून लंडनला परतला. त्याच्यासोबत जे निष्ठावान घोडेस्वार होते, त्यांच्यातूनच लाइफ गार्ड्स ही राजघराण्याची खास रिसाल्याची पलटण आकाराला आली. दुसरी पलटण, जिला निळ्या पोशाखावरून ब्लूज म्हणतात, ती मुळात क्रॉमवेलच्या राज्यात १६५० साली उभी राहिलेली; राजाने १६६१ मध्ये तिला आपल्या चाकरीत घेतले. तिसरा धागा तर थेट मुंबईशी जुळतो. पोर्तुगालच्या कॅथरिनशी चार्ल्सचे लग्न ठरले तेव्हा आंदणात मुंबईचे बेट आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजियर एकत्रच आले. टँजियर राखण्यासाठी १६६१ साली जो रिसाला उभारला, तोच पुढे रॉयल ड्रॅगून्स झाला आणि १९६९ साली ब्लूजमध्ये मिळून राजघराण्याच्या घोडदळाचा भाग बनला. आज लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये घोड्यावर पहारा देणाऱ्या या पलटणींना साडेतीनशे वर्षांहून अधिक सलग इतिहास आहे. आमच्या हुजुरातीला दीडशेही भरली नाहीत.

हा फरक इंग्रजांच्या राजनिष्ठेमुळे पडला, असे मला वाटत नाही. चार्ल्सच्या भावाला, दुसऱ्या जेम्सला, १६८८ साली देश सोडून पळावे लागले आणि त्याच्या खास फौजा नव्या राजाच्या चाकरीत राहिल्या. खरा बदल त्यानंतरच्या वर्षी झाला. १६८९च्या हक्कनाम्याने ठरवले की शांततेच्या काळात खडी फौज ठेवायची तर ती पार्लमेंटच्या संमतीनेच. आणि फौजेला शिस्त लावण्याचा कायदाही पार्लमेंट मुदत घालून मंजूर करू लागले. नाव राजाचे, निशाण राजाचे, पण पैसा पार्लमेंटच्या मंजुरीचा. राजे बदलले, घराणीही बदलली, पगार देणारा हात मात्र थांबला नाही. ही व्यवस्था फार स्वच्छ होती असे समजण्याचे कारण नाही. १८७१पर्यंत तिथे अंमलदारीच्या जागा उघडपणे विकत घेतल्या जात आणि श्रीमंतांची मुले त्या मिरवत. ही एक प्रकारची शिलेदारीच होती, फक्त घोड्याऐवजी हुद्द्याची. तरीही एका स्वाराचा घोडा वॉटर्लूवर पडला म्हणून त्याचे घरदार बुडाले नाही.

आमच्याकडे नाव तेच राहिले आणि आतला आशय उलट्या दिशेने सरकत गेला. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, खजिना आटला आणि मोगलांशी लढायचे तर जो स्वतःच्या हिमतीवर माणसे जमवील त्याला मुलूख लावून देणे एवढाच मार्ग उरला. या निर्णयाला मी दोष देत नाही. त्या वीस वर्षांत राज्य वाचले ते यामुळेच. पण अडचणीच्या काळचा हा तोडगा शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कायमची घडी झाला. १७१९ साली चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा हाती आल्यावर वसुलीचे मुलूख सरदारांत वाटले गेले. त्यांनी सरंजाम खावा आणि त्याच्या बदल्यात ठरल्या स्वारांनिशी चाकरी करावी. घोडा आता सरदाराचा झाला, वैरण सरदाराची झाली आणि पावसाळी छावणीचे पत्र लिहिण्याचे काम सातारच्या हातून सुटले. राणोजी शिंदे पेशव्यांच्या पागेतला बारगीर होता, असे सांगतात. त्याच्याच घराण्याने पुढे अशी पागा बांधली की तिच्यासमोर पेशव्यांची हुजुरात लहान दिसावी. कर्तबगार माणूस पागेत वाढायचा आणि वाढला की पागेबाहेर पडायचा. धन्याच्या पागेला त्याची कर्तबगारी परत मिळण्याची वाट या व्यवस्थेत नव्हती.

याचा पहिला मोठा झटका चाकणच्या शेजारच्याच गावाला बसला. तळेगावचे दाभाडे हे शाहू महाराजांचे सेनापती. कागदावर सगळ्या फौजेचे धनी तेच. पण १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ सेनापती त्रिंबकराव दाभाडे आणि पेशवा पहिला बाजीराव यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या आणि त्रिंबकराव त्या रणात मारला गेला. दोघेही एकाच छत्रपतीचे चाकर होते. छत्रपतीपाशी स्वतःची अशी जबर पागा असती तर दोघांनाही ही लढाई करण्याची छाती झाली नसती. पुंडाईला आळा घालण्यासाठी पागेचा जोर हवा, असे सभासद म्हणतो ते याच अर्थाने. लढाई झाल्यावर महाराजांच्या हाती समेट घडवण्यापलीकडे काही उरले नाही. सेनापतिपद दाभाड्यांकडेच राहिले, पण त्यातला जीव गेला; आणि हुजुरात हा शब्द व्यवहारात छत्रपतीपेक्षा पेशव्याच्या खास फौजेकडे वळला.

यावर पहिला आक्षेप पानिपताचा निघतो, आणि तो रास्त आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी हुजुरात मध्यभागी होती. भाऊसाहेब आणि विश्वासराव तिच्यातच होते आणि अब्दालीच्या वजिराच्या फौजेला तिने दुपारपर्यंत मागे रेटले होते. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब गर्दीत शिरले आणि हुजुरात धन्यासह कापली गेली. उजव्या बगलेवरचे मल्हारराव होळकर निघून गेले. इथवर माझे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटेल, पण मी इथे थांबणार नाही. सरंजामदार शिंद्यांचे काय? जनकोजी, तुकोजी त्याच मोहिमेत गेले. दत्ताजी तर वर्षभर आधी बुराडी घाटावर पडले होते. सरंजाम खाणारा पळतो आणि पागेतला मरतो, असा सोपा नियम काढणे म्हणजे त्या मृतांवर अन्याय होईल. माझा मुद्दा माणसाच्या छातीबद्दल नाही. पानिपतानंतर काय झाले ते पाहावे. शिंद्यांची फौज महादजीने आपल्या मुलखाच्या जोरावर दहा वर्षांत पुन्हा उभी केली, होळकरांची तर फारशी मोडलीच नव्हती. पेशव्याच्या हुजुरातीला मात्र तो घाव जन्माचा लागला, कारण तिचे घोडे पेशव्याचे होते आणि ते पुन्हा विकत घ्यायला पेशव्याकडे पैसा नव्हता. थोरल्या माधवरावाच्या अंगचे सगळे गुण धरूनही, १७६२ साली आळेगावास त्याला स्वतःच्या चुलत्यापुढे, राघोबादादापुढे, नमते घ्यावे लागले ते याच काळात.

दुसरा आक्षेप मावळातलाच आहे आणि तो मला अधिक अवघड वाटतो. जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादाला घेऊन मुंबईकर इंग्रजांची सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, ज्याला मावळाने ईष्टूर फाकडा म्हणून अजून लक्षात ठेवले आहे. मराठ्यांनी समोरासमोर गाठ न देता तळेगाव रिकामे करून जाळले, दाणावैरण तोडली, रसद मारली. इंग्रज तळेगावाहून मागे फिरले आणि वडगावात अडकून त्यांना तह करावा लागला. महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि पुण्याची फौज एकत्र लढली. सरदारी घोडदळाने कवायती पायदळाला गुडघ्यावर आणले, पेशवा त्या वेळी पाच वर्षांचेही न झालेले मूल असताना. मग हुजुरातीवाचून काय अडले? याचे उत्तर वडगावच्या तहातच आहे. त्या तहात महादजीच्या वाट्याला स्वतंत्र लाभ आला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्याने इंग्रजांशी वेगळी बोलणी करून १७८२च्या सालबाईच्या तहात मध्यस्थाची जागा घेतली. वडगावला सरदार एकत्र आले, कारण त्या घटकेला त्यांना एकत्र यायचे होते. ज्या वेळी यायचे नव्हते त्या वेळी त्यांना आणील असे बळ पुण्यात नव्हते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकराने शिंदे आणि पेशवा यांच्या एकत्र फौजेला धूळ चारली, तेव्हा हे सगळ्या हिंदुस्थानने पाहिले. स्वतःच्या राजधानीच्या वेशीवर पेशव्याला स्वतःच्याच सरदारापासून वाचवील अशी हुजुरात उरली नव्हती. तो पळाला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईला सही करून त्याने दुसऱ्याची हुजुरात भाड्याने घेतली: कंपनीचे सहा हजार पायदळ, आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख.

तिसरा आक्षेप असा की धन्याच्या दाराशी असलेली पगारी फौज धन्यालाच खाते. पुण्याला याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवा नारायणरावांचा खून झाला तो सुमेरसिंग आणि त्याच्या गारद्यांच्या हातून, म्हणजे वाड्याच्या पहाऱ्यावर असलेल्या पगारी शिपायांच्या हातून. हे खरे आहे. पण गारदी वाड्यात शिरले ते कोणते गाऱ्हाणे पुढे करून? थकलेल्या पगाराचे. मागे कारस्थान होतेच, तरी ते चालून जावे इतका पगार खरोखरच थकलेला होता. मला तर हा प्रसंग माझ्याच बाजूचा वाटतो. जवळ ठेवल्याने फौज आपली होत नाही. तिचा पगार कोणाच्या लहरीवर अवलंबून नसेल आणि तिच्यावर एकाहून अधिक डोळ्यांची नजर असेल, तरच ती राज्याची होते. इंग्रजांनी १६८९ साली हीच भीती डोळ्यांपुढे ठेवून आपल्या राजाच्या फौजेची थैली पार्लमेंटच्या हाती दिली होती.

आता पुन्हा दापोडीकडे. दुसऱ्या बाजीरावाकडे पैसा नव्हता असे नाही. त्याने तो भरपूर साठवला होता. त्याने पटवर्धन, रास्ते यांच्यासारख्या सरंजामदारांचे हात छाटण्याचाही प्रयत्न केला. सरंजाम ओढून घेऊन त्या पैशातून बारगिरांची पागा उभारली असती, तर शंभर वर्षांनी शिवकालीन घडी परत बसली असती. त्याने पैसा पेटीत ठेवला आणि फोर्डच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या, ज्यांचे खरे मालक कोण हे युद्धाच्या दिवशी कळायचे होते. चाकरी गेलेले शिलेदार दक्षिणेत मोकळे फिरत होते. मग जून १८१७ मध्ये पुण्याचा तह झाला. त्याने पेशव्याकडून ३४ लाखांचा मुलूख काढून घेतला आणि त्या उत्पन्नातून पाच हजार स्वार व तीन हजार पायदळ कंपनीने ठेवायचे असे ठरवले. जुलैत त्या पैशातून जो रिसाला उभा राहू लागला त्याला पूना ऑक्झिलिअरी हॉर्स असे नाव पडले. त्यांतले अनेक स्वार दख्खनचेच, घोडेही दख्खनचेच, खर्चही पेशव्याच्याच मुलखातून. फक्त पगाराची वही कंपनीच्या हाती. या एका घटनेइतका माझ्या म्हणण्याला दुसरा पुरावा नको. धैर्य, रक्त, घोड्याची जात यांपैकी काही बदलले नव्हते.

ऑक्टोबरात दसऱ्याच्या निमित्ताने पेशव्याचे सेनापती बापू गोखले यांनी फौज गोळा केली. ५ नोव्हेंबरला खडकीवर पेशव्याचे सुमारे १८ हजार घोडदळ, ८ हजार पायदळ आणि १४ तोफा होत्या. समोर फोर्डची माणसे धरून जेमतेम २८०० इंग्रजी फौज. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. जरीपटक्याची काठी निघतानाच मोडली आणि लोकांच्या मनात पाल चुकचुकली. गोखल्यांनी सहा हजार निवडक स्वारांची दौड काढली ती योग्य वेळी काढली होती, कारण इंग्रजांची एक पलटण आवेशाने रांग सोडून पुढे आली होती. पण मध्ये दलदल होती, घोडे तिच्यात रुतले, दौड मोडली आणि त्या गोंधळावर गोळ्यांचा मारा झाला. पेशव्याकडचे सुमारे पाचशे पडले आणि जखमी झाले, इंग्रजांकडचे ८६. या आकड्यांकडे नीट पाहावे. सव्वीस हजारांच्या फौजेत पाचशे म्हणजे पन्नासात एक. एवढ्या नुकसानीवर एवढी फौज माघारी फिरली, ती घाबरट होती म्हणून नव्हे. नुकत्याच चाकरीला लागलेल्या शिलेदाराने दलदलीत रुतलेला शेजाऱ्याचा घोडा पाहिला आणि स्वतःच्या घोड्याचा लगाम आवरला. त्याच्या जागी कोणत्याही शहाण्या माणसाने तेच केले असते. दलदल होती, तोफा होत्या, कवायत होती, ही कारणे मी नाकारत नाही. पण दुसरी दौड काढता आली नाही याचे कारण त्यांत सापडत नाही. तीन महिन्यांनी, २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखल्यांनी काहीशे स्वारांनिशी इंग्रजांच्या रिसाल्यावर घोडा घातला आणि तिथेच देह ठेवला. तेवढे काहीशे शेवटपर्यंत धन्याचे राहिले. धनी तोवर पुढे निघून गेला होता.

एक गोष्ट इथे स्वतःविरुद्ध मांडली पाहिजे. कंपनीने जो रिसाला उभारला तोही शिलेदारीच होता. हा शब्द इंग्रजांनी आमच्याकडून उचलला आणि शंभर वर्षे सिलादार म्हणून वापरला. स्वाराने घोड्याची किंमत भरायची आणि महिन्याच्या पगारातून त्याला पोसायचे. घोड्याच्या मालकीवरच सगळे ठरत असेल तर हे रिसाले कसे टिकले? म्हणूनच मी मालकीचा प्रश्न विचारत नाही, नुकसानीचा विचारतो. इंग्रजांच्या शिलेदारी पलटणीत चंद्याची पेटी असे. दर स्वाराच्या पगारातून तिच्यात वर्गणी जाई आणि घोडा मेला की त्या पेटीतून नवा घोडा घ्यायला मदत मिळे. घोडा स्वाराचा, पण त्याचे मरण सगळ्या पलटणीने वाटून घेतलेले. एवढ्या साध्या तजविजीने शिलेदार बारगिराइतका निर्धास्त लढू शकला. पेशवाईच्या दफ्तरांत लढाईत पडलेल्या घोड्यांची भरपाई दिल्याच्या नोंदी सापडतात, नाही असे नाही. पण ती भरपाई पथकाच्या सरदाराची मर्जी आणि खजिन्याची स्थिती पाहून मिळे. पेटीतून हक्काने मिळत नसे.

आणि ही पेटीही एका मर्यादेपर्यंतच पुरली. दापोडीपासून फार दूर नसलेल्या शिरूरला ज्याची पहिली छावणी पडली, तो कंपनीचा रिसाला पुढे पूना हॉर्स झाला आणि १९१४ साली फ्रान्सला गेला. तिथे खंदकांची लढाई होती, माणसे आणि जनावरे शेकड्यांनी जात होती, भरतीला नवा शिलेदार किंमत भरून घोडा घेऊन येईल अशी अवस्था राहिली नव्हती. साऱ्या हिंदी शिलेदारी रिसाल्यांची हीच गत झाली आणि चंद्याच्या पेट्यांचा हिशेब कोलमडला. युद्ध संपल्यावर, १९२१ साली रिसाल्यांची नवी जोडणी झाली, पूना हॉर्स दुसऱ्या एका पलटणीत मिळून १७ क्रमांकाचा झाला, आणि शिलेदारी पद्धत सरकारने मोडून टाकली. तेव्हापासून घोडा सरकारचा, दाणावैरण सरकारची, नालबंद सरकारचा, आणि स्वार पगारी: चिपळूणच्या त्या पावसाळी छावणीत होता तसा.